निरोगी गटातली मावशी

माझ्या मावशीला मावशी म्हणणारे निदान हजारभर डॉक्टर असतील, आणि त्यांतल्या एकाचीही ती मावशी नाही. तिची खरी भाची मी एकटी. हॉस्पिटलात, कॉलेजात, होस्टेलात जी बाई झाडते, पुसते, धुते, ती आपोआप सगळ्यांची मावशी होते. नाव विचारायचे कष्ट वाचतात, नातं फुकटात मिळतं आणि निभावावं लागत नाही. पूर्वी मी हे हसत हसत सांगायचे. आता सांगताना दात आवळले जातात. बोलणं तिखट लागलं तर लागू दे.

मी बस कंडक्टर आहे. आवाज चढवणं हा माझ्या पोटापाण्याचा भाग, त्यामुळे लोक मला भांडखोर समजतात. मावशी माझ्या अगदी उलट. तिचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नव्हता. माझी आई गेली तेव्हा मला नीट बोलताही येत नव्हतं. मला वाढवलं ते हिने. माय मरो आणि मावशी उरो म्हणतात, ते आमचं घर बघूनच कोणीतरी म्हटलं असावं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. नवरा मेडिकल कॉलेजच्या होस्टेलचा वॉचमन होता. तो गेल्यावर होस्टेलवाल्यांनी तिला जिन्याखाली जागा दिली आणि सांगितलं, इथे इस्त्री करा. तेव्हापासून ती तिथे उभी होती. बसली होती असं म्हणायची सोय नाही, इस्त्री बसून होत नाही.

जिन्याखाली एक लाकडी टेबल, त्यावर चौपदरी घडी घातलेली जुनी चादर, भिंतीला खिळ्यांची रांग आणि प्रत्येक खिळ्याला पांढरे एप्रन. वरून पोरं धडधडत उतरायची तेव्हा डोक्यावर छताची माती पडायची, म्हणून मावशी नेहमी डोकं बांधून असायची. एप्रनची इस्त्री दिसते तेवढी सोपी नाही. आधी खिसे रिकामे करायचे, कारण या भावी डॉक्टरांच्या खिशात गोळीच्या चांदीपासून अर्ध्या खाल्लेल्या बिस्किटापर्यंत काहीही निघतं. मग कॉलर, मग खांदे, मग बाह्या, पाठ सगळ्यात शेवटी. माणसं तिच्या लक्षात चेहऱ्यावरून राहायची नाहीत, एप्रनवरून राहायची. एक होता त्याला कॉलर खळ घालून ताठ लागायची, तो कॉलरवाला. एका मुलीच्या खिशावर कायम पेनाच्या शाईचा डाग, ती शाईवाली. घरी जेवताना मला त्यांच्या गोष्टी ऐकाव्या लागायच्या. "कॉलरवाला आज वार्डात बोलणी खाऊन आला गं. शाईवालीची परीक्षा आहे, चेहरा एवढासा झालाय." मी म्हणायचे, "मावशे, मी दिवसभर माणसांत असते, घरी तरी मला माणसं नकोत." ती हसायची आणि पुढची गोष्ट सुरू करायची.

सगळ्यांना ती बाळा म्हणायची. बाळा, खिशात पेन ठेवू नको. बाळा, जेवलास का. यातली काही बाळं तिच्याहून हातभर उंच होती आणि त्यांना दाढ्या होत्या.

आता थीसिसचं सांगते, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. मोठा डॉक्टर व्हायचं तर नुसती परीक्षा देऊन चालत नाही, एक संशोधनही करावं लागतं. कागदावर हे फार छान आहे. प्रत्येक डॉक्टरने आयुष्यात एकदा तरी स्वतः प्रश्न विचारावा, स्वतः उत्तर शोधावं. पण जिन्याखाली उभं राहून मावशीने जे ऐकलं ते वेगळं होतं. तिथे कोणी थीसिस करत नव्हतं, सगळे थीसिस उरकत होते. "तुझं उरकलं का?" "सरांनी विषय दिला, उरकून टाकतो." भांडी उरकावीत तसं. एक जण तर मावशीला मोकळेपणाने म्हणाला होता, "मावशी, हे मी लिहिणार, सर सही करणार आणि मग कपाट वाचणार." दुसऱ्याला परदेशात अर्ज करायचा होता, त्याला नावावर एक छापील लेख हवा होता, कशावर, ते त्यालाही नंतर कळणार होतं.

पोरांना तरी किती बोलायचं? विषय सर देणार, तोही आधीच्या मुलाचाच थोडा इकडेतिकडे केलेला. एकदा शाईवालीने मात्र स्वतःचा प्रश्न विचारला होता. तेव्हा ती शेवटच्या वर्षाला होती. एप्रन न्यायला आली आणि मावशीच्या पायांकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "मावशी, तुमचे पाय सकाळीसुद्धा सुजलेले असतात का?" मावशी म्हणाली, "उभं राहून राहून सुजतात गं बाळा." ती म्हणाली, "उभं राहून सुजले तर सकाळी उतरायला हवेत." मग तिने डोक्यात घेतलं, की होस्टेलात उभ्याने काम करणाऱ्या सगळ्यांचे पाय बघायचे, कोणाचे का सुजतात ते शोधायचं. खूश होऊन सरांकडे गेली आणि तासाभरात तोंड पाडून परत आली. सर म्हणाले होते, उभ्या माणसाचे पाय सुजतात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, त्याला संशोधन कशाला? परीक्षेचा अभ्यास करा, नसते उद्योग नकोत. शाईवालीने मावशीला हे सांगितलं, एप्रन घेतला आणि गेली. पुन्हा तिने पायांचा विषय काढला नाही. तिच्या डोक्यातल्या प्रश्नावर कॉलेजने चांगली कडक इस्त्री फिरवली.

आणि मावशीचं रक्त? ते तर त्यांना नेहमीच लागायचं. आजारी माणसांच्या रक्तात काय वेगळं आहे हे कळायला शेजारी धडधाकट माणसांचं रक्त ठेवून बघावं लागतं. त्याला ते निरोगी गट म्हणतात. आता धडधाकट माणूस हॉस्पिटलात कुठून मिळणार? बाहेर जाऊन शोधायला वेळ कोणाला? मग हाताशी असलेली माणसं धरायची: कँटीनवाला, लिफ्टवाला, वॉचमन आणि जिन्याखालची इस्त्रीवाली मावशी. कागद पुढे करायचा, सही घ्यायची, दंडाला रबर बांधायचं. मावशी इस्त्री बाजूला उभी करून हात पुढे करायची. "घे बाळा, पण लवकर घे, बाही ओली आहे, वाळून जाईल."

तिला त्याचा कोण अभिमान! मी पाय दाखवून कितीदा म्हणाले, मावशे, चल, डॉक्टरला दाखवू. त्यावर तिचं उत्तर ठरलेलं: "मला डॉक्टर काय सांगणार? डॉक्टरच माझं रक्त नेतात आणि बाकीच्यांचं त्याच्याशी ताडून बघतात." मीही चिडवायचे, "हो बाई, तू काय, शिक्का मारलेली निरोगी!" शेजारपाजारच्या बायकांना ती हेच सांगायची. भूक कमी झाली, ती म्हणाली वय झालं. जिना चढताना धाप लागायला लागली, ती म्हणाली माती जाते नाकात. मी गप्प बसायचे. मलाही वाटायचं, एवढे डॉक्टर रक्त तपासतात, काही असतं तर बोलले नसते का?

रक्त घेतलं की पोरं तिला काहीतरी द्यायची. बहुतेक वेळा गुडघेदुखीच्या गोळ्यांची पट्टी, कंपन्यांकडून आलेली. मावशी त्या रोज घ्यायची, कारण गोळी घेतली की दिवसभर उभं राहता यायचं. कॉलरवाल्याने त्याच्या थीसिससाठी रक्त नेलं तेव्हा दोन पट्ट्या दिल्या होत्या, आणि संपल्या की मागा, असंही म्हणाला होता. ती मागायची. तो द्यायचा. किती गुणी मुलगा, ती म्हणायची.

त्यानंतर दोनेक वर्षांनी एक दिवस मी दुपारच्या पाळीवरून घरी आले तर मावशी पलंगाच्या कडेला धरून बसलेली. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले, श्वास पुरत नाही, आणि तशातही म्हणते, "थोडं पडते, बरं वाटेल." मी तिचं ऐकलं नाही. रिक्षात घातली आणि तिच्याच कॉलेजच्या हॉस्पिटलात नेली. रक्त घेतलं, ऑक्सिजन लावला, खाटेवर निजवलं. आणि तेवढ्यात पडदा सरकवून आत आला तो कॉलरवाला. आता मोठा डॉक्टर झालेला, गळ्यात स्टेथोस्कोप, पण कॉलर मी जिन्याखाली पाहिली होती तशीच ताठ.

"अरे! इस्त्रीवाल्या मावशी!" तो म्हणाला.

मला इतकं बरं वाटलं. ओळखीचा माणूस भेटला की अर्धं दुखणं हलकं होतं. मी म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही आहात ते छान झालं. तुम्हीच तपासलं होतं ना हिचं रक्त? तेव्हा सगळं चांगलं होतं. मग आता एकदम असं कसं झालं?"

"छे, चांगलं कुठे होतं?" हातातला रिपोर्ट बघत तो म्हणाला. "यांचं क्रिएटिनिन तेव्हाच वाढलेलं होतं. म्हणून तर मी यांना निरोगी गटातून काढलं."

"ते काय असतं?"

"किडनी किती काम करते ते त्यावरून कळतं."

"म्हणजे हिची किडनी बिघडली आहे हे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"पहिल्या तपासणीतच. आम्ही आधी तेच बघतो. निरोगी गटात आजारी माणूस शिरला तर सगळा अभ्यास बिघडतो ना." तो हे समजावून सांगत होता. आवाजात जराही अपराधीपणा नव्हता, उलट काम काटेकोर केल्याचं समाधान होतं. पुढे म्हणाला, "खरं तर माझ्या सीनियरनेही यांना असंच काढलं होतं. त्याने मला सांगायला हवं होतं. माझी तपासणीची एक किट उगाच वाया गेली."

मी म्हणाले, "त्याने तुम्हाला सांगायला हवं होतं."

"हो ना," तो म्हणाला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पुढे मी काय काय बोलले ते मला धड आठवत नाही. वार्डातल्या लोकांना आठवत असेल. गर्दीच्या बसमध्ये मागच्या दारापर्यंत जातो तो आवाज मी तिथे काढला. तुझी किट वाया गेली? माझी मावशी वाया गेली, रे! कॉलरवाला खरोखर गोंधळला होता. तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "पण मी काही केलं नाही." तेच तर. त्याने काहीच केलं नाही. शेवटी सिस्टरने मला दंडाला धरून बाहेर आणलं, बाकावर बसवलं, पाणी दिलं. आणि माझ्याशेजारी बसून राहिली.

किडनीच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी भेटल्या. सरळ बोलणारी बाई. म्हणाल्या, "दोन्ही किडन्या गेल्यात. यापुढे मशीनवर रक्त साफ करावं लागेल, आठवड्यातून तीनदा, कायमचं." मी विचारलं, दोन वर्षांपूर्वी कळलं असतं तर? त्या मग म्हणाल्या, "त्या दुखण्याच्या गोळ्या तेव्हा बंद करायला हव्या होत्या. गोळ्या बंद, ब्लड प्रेशर ताब्यात, तर बरीच वर्षं निघाली असती." गोळ्या कोणी दिल्या ते मी त्यांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग मी सरांकडे गेले. तेच सर, ज्यांनी शाईवालीला नसते उद्योग करू नका म्हटलं होतं आणि कॉलरवाल्याच्या थीसिसवर सही केली होती. खोली मोठी, भिंतभर कपाट, कपाटात एकाच रंगाच्या जाड जाड वह्यांसारखे थीसिस. मला बसा म्हणाले. चहा मागवला. मी चहाला हात लावला नाही.

"तुम्ही रागावला आहात, ते मी समजू शकतो," ते म्हणाले.

"तुम्ही नका समजू. तुम्ही फक्त सांगा, तिला का नाही सांगितलं?"

त्यांनी हात जोडल्यासारखे टेबलावर ठेवले. म्हणाले, संमतीच्या कागदावर स्पष्ट लिहिलेलं असतं, की ही तपासणी अभ्यासासाठी आहे, उपचारासाठी नाही. सही आहे तुमच्या मावशींची. रिपोर्ट परत द्यायची तरतूद त्या अभ्यासात नव्हती.

"साहेब, मी कंडक्टर आहे," मी म्हणाले. "बसमध्ये म्हातारं माणूस झोपतं. त्याचा थांबा आला की मी त्याला उठवते. माझ्या नियमात कुठे लिहिलंय हो, झोपलेल्याला उठवा म्हणून? मी फक्त तिकीट फाडायचं, एवढंच लिहिलंय."

ते खिडकीकडे बघू लागले. मग म्हणाले, "आमच्याकडे दरवर्षी एवढे थीसिस होतात. प्रत्येकात पाचपन्नास निरोगी माणसं. कोणाकोणाला सांगत बसणार?"

हे त्यांनी बचाव म्हणून सांगितलं. मला मात्र त्यातून वेगळंच कळलं. म्हणजे माझी मावशी एकटी नव्हती. कुठल्या लिफ्टवाल्याची साखर, कुठल्या कँटीनवाल्याचं लिव्हर, सगळं यांना कळून गेलेलं, आणि सगळे मूग गिळून बसलेले. गरज सरो वैद्य मरो, असं आपण पेशंटच्या कृतघ्नपणाबद्दल म्हणतो. इथे गरज वैद्याची होती आणि ती सरली होती. मी उठले. दारातून वळून म्हणाले, "त्या कपाटातलं एक तरी तुम्ही उघडून वाचलंय का?"  तक्रार केली मी, ती अजून कुठल्यातरी समितीपुढे पडून आहे, आणि समितीत तेच सर आहेत.

या सगळ्यात माझा खरा राग कोणावर निघाला असेल तर मावशीवर. मी सगळं तिला सांगितलं, तर ती म्हणाली, "जाऊ दे गं. पोरगं आहे. त्याला सरांनी जे सांगितलं ते त्याने केलं." मी म्हणाले, "पोरगं? त्याला मिशा आहेत, पगार आहे!" ती म्हणाली, "तुझ्या ऐकण्यात चूक झाली असेल. मी विचारते त्याला." मी कपाळावर हात मारला.

तिने खरंच विचारलं. कॉलरवाला राउंडला आला, मला बघून दुसऱ्या बाजूने उभा राहिला. मावशी म्हणाली, "बाळा, माझं रक्त तुम्ही बाजूला काढलं होतं का?"

"हो मावशी," तो हळूच म्हणाला. "पण ते फक्त अभ्यासापुरतं होतं."

"बरं," मावशी म्हणाली.

तो गेला. तिने छताकडे नजर लावली.  मग म्हणाली, "दर आठवड्याला यायचा गं तो."

"कोण?"

"कॉलरवाला. रक्त नेल्यानंतरही दर आठवड्याला एप्रन न्यायला यायचा. माझ्यासमोर उभा राहायचा. कॉलर नीट झाली का ते हात लावून बघायचा. गोळ्या द्यायचा." तिचा श्वास पुन्हा चढला. "एवढंसं तोंड उघडायचं होतं त्याला."

ती रडली नाही. मी रडले, संतापाने. त्या दिवसापासून तिने कॉलरवाल्याची एकही गोष्ट सांगितली नाही. होस्टेलातल्या कोणाचीच नाही. जेवताना आमच्याकडे आता शांतता असते, आणि मीच पूर्वी मागितलेली ती शांतता मला खायला उठते.

डायलिसिसच्या खोलीत खुर्च्यांची रांग आहे. प्रत्येक खुर्चीशेजारी कपाटाएवढं मशीन, त्यातून माणसाचं रक्त बाहेर येतं, फिरतं आणि आत जातं. चार तास हलायचं नाही. ज्या हाताने मावशी इस्त्री धरायची त्याच हाताची शीर मशीनसाठी तयार केली आहे, म्हणून त्या हाताने आता जड काही उचलायचं नाही. होस्टेलची जागा अर्थातच गेली. जिन्याखाली आता दुसरी बाई उभी असते.

परवा, म्हणजे मावशीला मशीनवर सहाएक महिने झाल्यावर, त्या खोलीत शाईवाली आली. आता तीही मोठी डॉक्टर व्हायला शिकत होती. खिशावर डाग तसाच, हातात कागद आणि एक पेटी. खुर्च्यांच्या रांगेवरून बघत बघत येताना तिला मावशी दिसली आणि ती जागीच थांबली. कोणी तिला सांगितलंच नव्हतं. मावशीच्या पायांकडे तिने बघितलं, मग लगेच दुसरीकडे.

"मावशी," ती म्हणाली. पुढे तिने पाठ केलेलं तेच सांगितलं: तिचा थीसिस आहे, किडनीच्या पेशंटचं थोडं रक्त हवं आहे, सरांनी विषय दिला आहे.

मी उठले. मावशीने मोकळ्या हाताने माझा हात धरला आणि मला खाली बसवलं.

"म्हणजे आता मी आजारी गटात," ती म्हणाली.

शाईवालीने मान हलवून होकार दिला.

"आणि निरोगी गटात कोण?"

"होस्टेलमध्ये नव्या इस्त्रीवाल्या मावशी आहेत ना," ती म्हणाली. "त्यांना विचारलंय. त्या हो म्हणाल्यात. रक्त आणि लघवीही घेतली काल."

खोलीत मशीनांची घरघर चालू होती. मावशीचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला. मग मी तो आवाज ऐकला, जो मी जन्मात ऐकला नव्हता. मोठा नव्हता तो, पण पलीकडच्या खुर्चीवरच्या माणसाने मान वळवली.

"तिचं काय निघालं?"

"अजून रिपोर्ट... आणि मावशी, ते सांगायचं आमच्या अभ्यासात..."

"तुला माझे पाय दिसले होते," मावशी म्हणाली. "सगळ्या होस्टेलात तुला एकटीला दिसले होते. सरांनी गप्प बस म्हटलं आणि तू गप्प बसलीस. आता ती बाई तिथे उभी आहे. तिला वाटतंय, डॉक्टरांनी मला निरोगी म्हटलं. तिला घरी कोणीतरी म्हणत असेल, दाखव गं डॉक्टरला, आणि ती म्हणत असेल, मला काय झालंय! तिचं काय निघालं ते तिला तोंडाने सांगायचं. चांगलं असो, वाईट असो. तिने इथे येऊन मला सांगितलं की मगच माझं रक्त. नाहीतर या हातालाच काय, माझ्या सावलीलाही हात लावायचा नाही."

शाईवालीचे डोळे भरून आले. ती पेटी सावरत गेली. मला वाटलं, गेली ती गेली. या लोकांना दुसरी मावशी शोधायला कितीसा वेळ लागतो?

पुढच्या खेपेला मावशी मशीनवर होती तेव्हा दाराशी एक बाई येऊन उभी राहिली. डोक्याला फडकं, त्यावर जिन्याची माती. मागे शाईवाली. बाई बुजत बुजत मावशीच्या खुर्चीपाशी आली. म्हणाली, "तुम्हीच ना आधीच्या? या डॉक्टर म्हणाल्या, तुम्हाला सांगायचं आहे. माझ्या लघवीतून काहीतरी जातंय म्हणे, किडनीची सुरुवात आहे. वेळेवर कळलं म्हणाल्या. आणि माझ्या गुडघ्याच्या गोळ्या बंद करायला सांगितल्यात." मग जरा हसून म्हणाली, "मला तर वाटत होतं मी एकदम ठणठणीत आहे."

मावशीने तिच्याकडे बघितलं. तिचे पाय बघितले. मग शाईवालीपुढे मोकळा हात केला.

मी वाट बघत होते, ती नेहमीचं म्हणेल, घे बाळा. ते ती म्हणालीच नाही. म्हणाली, "घ्या, डॉक्टर. आणि माझंही काय निघतं ते मला सांगा."